गौर कोणी आणायची?

गणपती आठवड्यावर आले की आपल्या डोक्यात खरं म्हणजे गौरींची यादी सुरू होते. माळ्यावरून मुखवटे काढायचे, स्टँडचे नट हरवलेत का बघायचं, साड्या कुठल्या नेसवायच्या, सोळा भाज्या जमतील का आणि कामावर सुट्टी कशी मागायची. त्या दिवसांत धायरी फाट्यापासून आत धारेश्वराच्या देवळापर्यंत कुठल्याही इमारतीचा जिना चढून बघा. पहिल्या मजल्यावर साताऱ्याकडचं घर, तिथे उभ्या गौरी, भरजरी साडीतल्या. दुसऱ्यावर कोकणातलं घर, तिथे तेरड्याची गौर. तिसऱ्यावर लातूर-नांदेडकडचे लोक, ते गौरी म्हणतच नाहीत, महालक्ष्म्या म्हणतात. आणि शेजारच्या दारात एका तबकात पाच खडे, त्यांना हळदकुंकू, संपली सजावट. चारही घरांना वाटतं की आपलीच पद्धत मूळची.

आज या गौरींबद्दल बोलू. त्या कधी येतात, कशाच्या रूपात येतात, काय जेवतात. आणि मग त्यांना उंबऱ्यातून आत कोणी आणायचं, या प्रश्नाकडे येऊ. मला विचाराल तर आजचा खरा विषय तोच. पण आधीचं नीट पाहिल्याशिवाय त्याला हात घालता येत नाही.

आधी दिवस. गणपती येतात तिथीनं, भाद्रपद शुद्ध चतुर्थीला. गौरी येतात नक्षत्रानं. चंद्र अनुराधा नक्षत्रात असताना त्यांना आणायचं, ज्येष्ठा नक्षत्रात पूजा-जेवण, मूळ नक्षत्रात पाठवणी. चंद्र एका नक्षत्रात साधारण एक दिवस असतो, म्हणून त्यांचा मुक्काम तीन दिवसांचा. मधल्या दिवसाच्या नक्षत्रावरून त्यांना ज्येष्ठा गौरी म्हणतात. आता तिथी आणि नक्षत्र दर वर्षी एकाच मापानं जुळत नाहीत. २०२३ मध्ये गणपती १९ सप्टेंबरला आले आणि गौरी २१ला, म्हणजे तिसऱ्या दिवशी. २०२४ मध्ये ७ सप्टेंबरचे गणपती आणि १०ची गौर, चौथा दिवस. २०२५ मध्ये २७ ऑगस्टला गणपती आणि गौर ३१ला, पाचवा दिवस. ज्या घरांत गौरींबरोबरच गणपतीची पाठवणी होते, तिथला गणपती म्हणूनच कधी पाच, कधी सहा, कधी सात दिवसांचा असतो. नव्या सुना विचारतात ना, ‘दर वर्षी दिवस का बदलतो’, त्याचं उत्तर हे.

आणि हे नुसतं पंचांगातलं गणित नाही. ढगांनी थोडी मेहेरबानी केली तर डोळ्यांनी दिसतं. गौरीपूजनाच्या संध्याकाळी, अंधार पडल्यावर गच्चीवर जाऊन सिंहगडाच्या अंगाला बघा. अर्धा चंद्र असतो आणि त्याच्या आसपास तांबूस रंगाची एक ठळक चांदणी. ती ज्येष्ठा. पुढच्या दिवशी चंद्र तिला सोडून विंचवाच्या नांगीकडे सरकलेला असतो, तो मूळ नक्षत्राचा भाग. मुलांना घेऊन जा. आरतीच्या वेळी न बसणारी मुलं तिथे पाच मिनिटं तरी थांबतात.

आता रूप. कोकणस्थांकडे बहुतेक खड्यांची गौर असते. नदी, विहीर, पाणवठा असेल तिथून पाच किंवा सात खडे वेचून आणायचे, येताना बोलायचं नाही, मागं वळून बघायचं नाही. कोकणात आणि घाटावरच्या बऱ्याच घरांत तेरड्याची रोपं मुळासकट आणून त्यांनाच गौर मानतात. तेरडा या दिवसांत डोंगरउतारांवर, बांधांवर आपोआप फुललेला असतो. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण आपण टिकाऊ नसलेल्या गोष्टीला वापरतो, पण गौरसुद्धा तीनच दिवस राहते, तेव्हा या पाहुणीला हेच फूल शोभतं असं मला वाटतं. देशावर मुखवटे आले, पितळेचे, मातीचे, शाडूचे. मराठवाड्यात आणि विदर्भात उभ्या महालक्ष्म्या, धाकटी आणि थोरली, सोबत त्यांची बाळं. काही घरांत खालच्या कोठ्या गहू-तांदळांनी भरतात, काही घरांत पोटात फराळाचे पदार्थ ठेवतात. आता कोठ्या गेल्या, लोखंडी स्टँड आले. वन बीएचकेत दोन महालक्ष्म्या उभ्या केल्या की कपाटाचं दार तीन दिवस उघडत नाही, हेही तुम्हाला माहीत आहे.

नात्याचंही तसंच. कुणी म्हणतं गौर ही गणपतीची आई, पार्वती. कुणी म्हणतं या दोघी त्याच्या बहिणी. कुणाकडे लक्ष्मी. पण एका गोष्टीवर सगळ्या घरांचं एकमत आहे, ती माहेरवाशीण आहे. तिचे सगळे लाड माहेरवाशिणीचे. दारात पायांवर दूध-पाणी घालायचं, भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, दारापासून आतपर्यंत हळदीकुंकवाची किंवा रांगोळीची पावलं काढायची, थाळी-घंटा वाजवत तिला आत आणायचं. आणि मग सगळं घर दाखवायचं. हे स्वयंपाकघर, हे धान्याचे डबे, ही तिजोरी, ही मुलांची अभ्यासाची जागा. लग्न होऊन गेलेली लेक वर्षानं घरी आली की ती काय करते? फिरून सगळं घर बघते, फ्रीजसुद्धा उघडून बघते. अगदी तेच.

जेवणही त्याच मापाचं. पहिल्या दिवशी थकून आलेली असते, म्हणून साधं, पुण्याकडे शेपूची किंवा मेथीची भाजी आणि भाकरी. दुसऱ्या दिवशी मात्र हात आखडायचा नाही. पुरणपोळी, घावन-घाटलं, ज्वारीची आंबील, काही घरांत पुरणाचे सोळा दिवे, आणि सोळा भाज्यांची एक भाजी. या सोळा भाज्यांना बायका घाबरतात, पण त्यात दुर्मीळ काही नाही. पडवळ, दोडका, भोपळा, भेंडी, गवार, कारलं, अळू, अंबाडी, पावसाळ्यात परसात आणि शेतात जे येतं ते सगळं थोडं थोडं. आता बाजारात सगळ्यांचा मिळून एक वाटा मिळतो, तो घ्या, त्यात काही कमीपणा नाही. कोकणात कित्येक घरांत गौरीला मटणाचा किंवा माशाचा तिखटाचा नैवेद्य असतो, आणि शेजारी बसलेल्या गणपतीला तो दिसू नये म्हणून मध्ये पडदा धरतात. पुण्यातल्या काही जणींना हे ऐकून धक्का बसतो. बसू दे. माहेरी लेकीला तिच्या आवडीचंच वाढतात.

हे सगळं इतकं लांबवून सांगितलं ते एवढ्यासाठी. खडे असोत की तेरडा, शाकाहार असो की मटण, एक असो की दोन, आई की बहीण, यातलं प्रत्येक उत्तर कुठल्या तरी घरानं आपल्या गरजेप्रमाणे, आपल्या ऐपतीप्रमाणे, आपल्या आसपासच्या मातीप्रमाणे काढलेलं आहे. गौरीच्या सणात ‘असंच’ म्हणून सगळीकडे सारखं जवळजवळ काहीच नाही. फक्त एका ठिकाणी आपण अचानक फार कडक होतो. गौर आणायची ती सवाष्णीनं किंवा कुमारिकेनं. नवरा गेलेल्या बाईनं नाही.

माझ्या ओळखीच्या एक काकू आहेत, सत्तरीच्या आसपासच्या, आपल्याच भागातल्या. तीस-पस्तीस वर्षं त्यांनी गौरी बसवल्या. स्टँडवर नऊवारी अशी नेसवायच्या की पदर तीन दिवस हलायचा नाही. २०२१च्या कोविडमध्ये काका गेले. त्या वर्षी घरात सुतक होतं, गौरी बसल्या नाहीत. पुढच्या वर्षी बसल्या, तेव्हा काकू आपणहून स्वयंपाकघरात गेल्या. पुरण त्यांनीच शिजवलं, घावन त्यांनीच घातले, पण बाहेरच्या खोलीत आल्या नाहीत. सून मुखवटा हातात घेऊन दारातून विचारायची, ‘आई, हा कसा बसवायचा?’ आणि काकू आतूनच सांगायच्या, डावीकडे घे, खाली घे, टाचणी मागून लाव. ज्या बाईच्या हातचा नैवेद्य देवीला चालतो, तिच्या हातचा मुखवटा का चालू नये, हे त्या घरात कुणी मोठ्यानं विचारलं नाही.

मैत्रिणींनो, अशा वेळी सासरच्यांना किंवा सुनेला दोष देणं सोपं असतं. इथे काकूंना कुणी ‘आत जा’ म्हटलं नव्हतं. मी नंतर कधीतरी विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘मी आणली आणि वर्षभरात घरात काही बरंवाईट झालं, तर ते माझ्यावर येईल गं.’ ही भीती खरी आहे, आणि ती काही आकाशातून पडत नाही. कुणाच्या तरी घरात, कुणाच्या तरी तोंडून हे बोललं गेलेलं असतं, म्हणूनच ती बसते. आपण एखादीला ‘बघा, आम्ही तुम्हाला हक्क दिला’ म्हणून हाताला धरून पुढं ओढलं, तर ती भीती जात नाही. उलट सगळ्यांसमोर ती एकटी पडते.

आता जरा गौरीची कहाणी आठवा. गरीब ब्राह्मणाचं घर, मुलं शेजारची गौर बघून हट्ट धरतात, घरात काही नाही, बाप वैतागून तळ्याकाठी जीव द्यायला जातो. तिथे त्याला एक म्हातारी भेटते. तो तिला घरी आणतो. बायको दिवा घेऊन पुढं येते, पाहुणी कोण म्हणून विचारते, आणि तो सांगतो, आजी. झालं. मग आंबिलीला कण्या बघायला गेली तर मडकं भरलेलं, दावणीला नुसत्या दोऱ्या बांधून हाका मारल्या तर गाईवासरं हजर. तिसऱ्या दिवशी म्हातारी म्हणते मला पोहोचव, आणि जाताना वाळू देते, ती घरात, मडक्यांवर, गोठ्यात टाकायला सांगते. तीच गौर. कहाणी त्या म्हातारीला सवाशीण म्हणते, हे खरं. मी ते लपवत नाही. पण तिचा नवरा कोण, कुठे, असं त्या घरात कुणी विचारलं का? नाही. एक भुकेली म्हातारी दारात आली, तिला ‘आजी’ म्हणून आत घेतलं, एवढ्यावर ते घर भरलं. आपल्या घरातली आजी स्वयंपाकघरात बसवून आपण बाहेर हीच कहाणी वाचतो.

पंचांगात गौरी आवाहनाची वेळ छापलेली असते. ती कोणी आणायची, हे त्या चौकटीत छापलेलं नसतं. ते आपण ठरवलेलं असतं. आणि माहेरवाशीण हा शब्द खरा धरायचा तर मग आणखीच विचार करायला हवा. नवरा गेलेली लेक माहेरी आली तर आई तिला दारात थांबवते का? तिच्यासाठी तर दार आधी उघडतं.

या प्रश्नाला आपल्या भागात जुना इतिहास आहे. सिंहगड रस्त्यावरून मुठा ओलांडली की हिंगणे, आजचं कर्वेनगर. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये विधवा असलेल्या गोदूबाईंशी लग्न केलं, त्याच आपल्या बाया कर्वे. त्यापायी कर्व्यांच्या मुरुड गावानं त्यांच्यावर बहिष्कार टाकला. १८९६ मध्ये त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला आणि १९०० मध्ये तो हिंगण्याला आणला. तिथल्या बायका शिकल्या, शिक्षिका झाल्या, स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या. सव्वाशे वर्षं झाली. शिक्षणाचं दार उघडलं, नोकरीचं उघडलं, आणि हळदीकुंकवाचं मात्र अजून अर्धंच उघडं आहे, याचं मला आश्चर्य वाटतं.

अलीकडचं उदाहरण कोल्हापूर जिल्ह्यातलं. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये ठराव केला. नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं या प्रथा गावात पाळायच्या नाहीत. कोविडमध्ये ऐन तारुण्यात विधवा झालेल्या बायका सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होत्या. त्याच महिन्यात राज्याच्या ग्रामविकास विभागानं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. त्यावर खूप लिहून आलं, आणि आपल्याला वाटलं, चला, एक काम झालं.

पण गंमत बघा. धायरीचा उरलेला भाग ऑक्टोबर २०१७ मध्ये पुणे महापालिकेत गेला. आपल्याकडे आता ग्रामपंचायत नाही, ग्रामसभा नाही, तेव्हा हेरवाडसारखा ठराव करायला गावच उरलेलं नाही. सोसायटीची सभा होते, ती पार्किंग आणि पाण्याच्या टँकरवर संपते. म्हणजे आपल्याकडे हा प्रश्न सुटायचा तो एकेका दारात. ठराव सोपा नसतो, पण त्याला निदान सह्या करणारे खूप असतात. दारात मात्र एक सासू, एक सून आणि समोरच्या फ्लॅटमधल्या काकू, एवढ्याच असतात.

काकूंच्या घरी पुढं काय झालं ते सांगते. त्याच्या पुढच्या वर्षी सुनेनं भाषण केलं नाही. ती एवढंच म्हणाली, ‘आई, दोन गौरी आहेत आणि मला दोन्ही मुखवटे एका वेळी धरवत नाहीत. थोरली तुम्ही घ्या.’ काकू आधी नाही म्हणाल्या. मग नात म्हणाली की मी आजीचा हात धरते. तिघी मिळून खाली नळापाशी गेल्या, मुखवट्यांना पाणी लावलं, आणि दोन मुखवटे दोन हातांनी वर आले. पावलं नातीनं काढली होती, जिन्यापासून. त्या वर्षी काकूंच्या जाऊबाई जेवायला आल्या नाहीत. पुढच्या वर्षी आल्या, जेवल्या, आणि हळदीकुंकवाआधी निघून गेल्या. हे असं असतं. सगळं एकदम गोड होत नाही. पण आता त्या घरात नऊवारी नेसवायला काकूच बसतात, आणि सून शेजारी उभी राहून शिकते. हे शिकणं दारातून ओरडून होत नव्हतं.

मला ही ‘थोरली तुम्ही घ्या’ची युक्ती आवडली, कारण तिच्यात उपकाराची भाषा नाही, कामाची वाटणी आहे. दोन गौरी असलेल्या घरांना ती सहज जमेल. खड्यांच्या घरात खडे एकीनं वेचावेत, तबक दुसरीनं धरावं. तेरड्याच्या घरात रोपं आणायला सगळ्याच जणी जाऊ शकतात.

संध्याकाळच्या हळदीकुंकवाचं थोडं वेगळं आहे, कारण तिथे बाहेरच्या बायका असतात आणि नजरा असतात. आमंत्रणाचा मेसेज पाठवताना नुसती नावं लिहा. कुणाच्या नावाआधी सौ. आणि कुणाच्या आधी गं. भा. असं लिहायची गरजच नाही. ‘सगळ्या जणी या’ एवढंच लिहिलं तर नवरा गेलेल्या बाईला वाटतं की हे आपल्याला नाही, इतकी तिला सवय झालेली असते. म्हणून तिला वेगळा फोन करा, ‘तुम्ही यायचंच’ म्हणून. आल्यावर कोयरी तिच्यापुढंही तशीच धरा, जशी बाकीच्यांपुढं. तिनं बोट बुडवलं तर ठीक, नुसता नमस्कार केला तरी ठीक. तिचा हात धरून कपाळाला लावू नका, आणि तिला ओलांडून पुढंही जाऊ नका. ओटी सगळ्यांना सारखी. काही घरांत आता कुंकवाऐवजी अत्तर-गुलाबपाणी आणि फुलं देतात. मला ते ठीक वाटतं, फक्त ते सगळ्यांनाच द्या. पाच जणींना कुंकू आणि एकीला गुलाबाचं फूल, असं झालं तर आपण तिला पुन्हा वेगळंच बसवलं.

आणि एखादीला यायचंच नसेल, पुढं व्हायचंच नसेल, तर तिच्या मनाला ते पटेपर्यंत थांबा. पुढच्या वर्षी पुन्हा विचारा. विचारणं मात्र सोडू नका.

राहता राहिला दोरा. बऱ्याच घरांत गौरींपाशी सुताचा सोळा पदरी दोरा ठेवतात, हळदीत रंगवलेला, सोळा गाठींचा, मध्ये फूल किंवा झेंडूचं पान. मूळ नक्षत्रावर दहीभाताची शिदोरी देऊन गौरी हलवल्या की तो घरातल्या बायका गळ्यात घालतात, आणि काही घरांत आश्विन वद्य अष्टमीपर्यंत ठेवतात. हा दोरा म्हणजे मंगळसूत्र नव्हे. तो सौभाग्याचा म्हणून नसतो, गौर येऊन गेली याची खूण म्हणून असतो. काही घरांत तो लहान मुलांच्याही गळ्यात घालतात, मग आजीच्या गळ्यात का नाही? यंदा दोरे करायला बसाल तेव्हा घरातली माणसं मोजून करा, आणि आजीचा दोरा सगळ्यांत आधी बाजूला काढून ठेवा.